ओल्या लोकरीचा रविवार

आदल्या थंडीत मुलुंडच्या शेतांत उतरलेल्या धनगरांनी एक लंगडं कोकरू आमच्या अंगणात सोडलं होतं. वर्षभरात त्याची चांगली मेंढी झाली आणि तिचा वास माजघरापर्यंत येऊ लागला. त्या रविवारी सकाळी मालाडला निघताना बाबा म्हणाले, "संध्याकाळपर्यंत ही स्वच्छ दिसली नाही तर यंदा पुन्हा उतरलेल्या धनगरांच्या तळावर पोचवून येईन."

घरात मी फारशी बोलतच नसे. पण बाबा फाटकाबाहेर पडताच मी मेंढीला घेऊन धावत विहिरीवर गेले. शाळेच्या इंग्रजी पुस्तकात मेंढी धुण्याचं आणि कातरण्याचं अशी दोन चित्रं शेजारी शेजारी होती. आईची शिकेकाई घेऊन मी मेंढीला खसाखसा घासलं. पाणी आधी काळं, मग तांबूस, मग चक्क स्वच्छ! लगेच शिवणाची कात्री घेतली. ती दोन बोटं आत गेली आणि अडकली. पुन्हा घातली, पुन्हा अडकली.

"अगं, माझी कात्री!" आई ओरडली. "तळावरच्या त्या धनगरणीला बोलाव ना."

अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी आईच्या मागे लपत असे. शिवाय तिनेच मेंढी परत मागितली तर? तरी गेले, जवळजवळ पळतच.

धनगरीण आली, लोकरीत हात घालून हसत सुटली. "ओल्या लोकरीला कातर लागतिया व्हय, पोरी? उन्हात हुबी कर. उन्हं कलली की येते."

पुस्तकातल्या त्या दोन चित्रांच्या मधे वाट पाहायची असते, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुपारभर मी दर पाच मिनिटांनी लोकर चाचपत होते.

चारच्या सुमाराला धनगरणीने मेंढीचे पाय बांधून तिला आडवी केली. मी डोकं धरलं. कातर करकर चालू लागली, लोकरीचे पुंजके पडू लागले, खालून गुलाबी कातडी दिसू लागली. उजवी बाजू झाली आणि फाटक वाजलं.

"हे काय चाललंय?"

"बाबा, थांबा जरा! डावी बाजू राहिलीय!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की आईसुद्धा दारात आली.

बाबा बुटांसकट पायरीवर बसले. डावी बाजू झाली. पाय सुटताच मेंढी उठली, तिने अंग झाडलं आणि ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग हळूच हाताचा वास घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "पण दर रविवारी आंघोळ तू घालायचीस."

"दर आयतवारी?" लोकर गोळा करता करता धनगरीण म्हणाली. "मरंल की ती, सायेब! वर्साला दोनदा लई झालं."

"बरं, दोनदा," बाबा म्हणाले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.