पाटावरचा सैनिक

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. खरं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतो, याला हे ठाऊक आहे ना, अशा नजरेने. लोक हौसेने जमवतात त्या परदेशी ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय दुमडणारे खेळण्यातले सैनिक आणि वीर, मी तपासते. अस्सल आहे की नक्कल, रंग मूळचा आहे की नंतर कुणी चोपडलाय, सांधे सैल झालेत का, हातातली बंदूक याचीच आहे की दुसऱ्या कुणाची उचलून दिलीय. बघते, लिहून देते, त्याचे पैसे घेते. आयटीतली नोकरी सोडून हे करणार म्हटल्यावर माझी आई फोनवर नुसती उसासे टाकत राहिली.

सासऱ्यांनी उसासे टाकले नाहीत. ते जन्मापासून सदाशिव पेठेतले, त्यांनी टोमणे मारले. आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते, दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले, आणि रेघ असो की शब्द, जाड काही चालायचं नाही. घरी कुणी आलं की चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, आमच्या सूनबाई बाहुल्यांच्या डॉक्टर आहेत, पेशंट तक्रार करत नाहीत म्हणून बरं चाललंय. पाहुणे हसायचे. मीही हसायचे आणि आत जाऊन कुकर आपटायचे.

टोमणे मी पचवले असते. लागलं ते वेगळंच. आमच्याकडे खंडेनवमीला सासरे स्वतः पाट मांडतात आणि घरातल्या प्रत्येकाचं हत्यार त्यावर पूजेला ठेवतात. त्यांची स्टीलची पट्टी आणि कंपासपेटी, नवऱ्याचा लॅपटॉप, गेलेल्या सासूबाईंची शिवणाची कात्री. नोकरी होती तोवर माझाही लॅपटॉप असायचा. ज्या वर्षी ती सोडली, त्या वर्षी पाटावर माझं काहीच नव्हतं. मी विचारलं नाही. विचारून काय करायचं, तुझं कुठलं हत्यार, असं ऐकून घ्यायचं? पण नमस्काराला वाकले तेव्हा डोळे भरून आले, आणि मग दिवसभर घरातल्या कुणाशी मी धड बोलले नाही.

पुढच्या वर्षी नवरात्रात कोथरूडहून एक गृहस्थ आले. बँकेतले अधिकारी, इस्त्रीच्या शर्टाचे, बोलणं मोजकं. त्यांनी पिशवीतून खोका काढला तो इतक्या हळू की आत बाळ झोपलंय असं वाटावं. कुठल्याशा ग्रहावरच्या तळावर पहारा देणारा सैनिक होता तो. फूटभर उंच, दुधी चिलखत, शिरस्त्राणाला निळी काच, पाठीवर हवेची टाकी. दुसऱ्या एका संग्राहकाशी त्यांची अदलाबदल ठरत होती आणि त्याआधी सैनिकाची तपासणी हवी होती. हे काम नीट झालं तर घरातली सगळी खोलीभर फौज तुमच्याकडेच तपासायला देईन, असं ते म्हणाले. आपण त्यांना हात लावताना मोजे घालता ना, एवढं जाताजाता विचारून घेतलं.

खोलीभर फौज! मला त्या दिवसापासून एका जागी बसवेना. पोळी तव्यावर टाकायची आणि मध्येच उठून सैनिकाकडे जायचं, असं चाललं होतं. मोजे घालून त्याचा गुडघा दुमडायचा आणि कान लावून ऐकायचं, कारण चांगला सांधा बारीक टक् असा वाजतो आणि झिजलेला मुकाट वाकतो. टॉर्च आडवा धरून चिलखतावरून फिरवायचा, म्हणजे नंतर मारलेला रंग उंचवटा दाखवतो. वासही घ्यायचा, नकली प्लॅस्टिकला उग्र दर्प येतो. सगळं पास. मूळचाच होता आणि अंगावर ओरखडा नाही. फक्त दुधी भाग गुळगुळीत नव्हता, पाटीसारखा खरखरीत होता. अशा पृष्ठभागावर काही सांडलं की ते आत शिरतं. म्हणून मी तो टेबलावर मलमलच्या फडक्याखाली झाकून ठेवला होता.

खंडेनवमीच्या सकाळी झेंडू आणायला मंडईत गेले, गर्दीत वैतागून परत आले, तर घरात उदबत्तीचा वास. झेंडूची वाट न बघता सासऱ्यांनी गॅलरीतल्या जास्वंदीवर पूजा उरकली होती. पाटावर पट्टी, कंपासपेटी, लॅपटॉप, कात्री. आणि कात्रीशेजारी, जास्वंदीचं फूल पायाशी घेऊन, कोथरूडच्या गृहस्थांचा सैनिक उभा. शिरस्त्राणावर काचेच्या वर, बरोब्बर कपाळाच्या जागी, ओल्या हळदीचं ठसठशीत बोट आणि त्यावर कुंकू.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"अहो बाबा, काय केलंत हे!"

ते निरांजनाची वात पुढे सारत होते. वर न बघता म्हणाले, "पूजा केली. मागच्या वर्षी तुझं राहून गेलं होतं."

राहून गेलं होतं. म्हणजे त्यांच्या लक्षात होतं. वर्षभर लक्षात ठेवून, टोमणे मारत मारत, या माणसाने माझं हत्यार शोधलं होतं. मला तिथेच बसकण मारून रडावंसं वाटलं. पण हळद मुरत होती, आणि हळद काय आहे हे बाईमाणसाला सांगायला नको. मी सैनिक उचलला आणि आत पळाले. ते सैनिक माझे नाहीत, लोकांचे असतात, असं काहीतरी मी जाता जाता ओरडले. निरांजन तसंच राहिलं, नमस्कार कुणी केलाच नाही.

कुंकू ओल्या कापसाने निघालं. हळद नाही निघाली. साबणाच्या फेसाने पिवळं जरा पसरलं, तशी मी हात आखडता घेतला. स्पिरिट लावावं तर मूळचा रंग जायचा. उरलं ऊन. पांढऱ्या रुमालावरची हळद उन्हात उडते, हे माझ्या आजीलाही माहीत होतं. पण उन्हानेच पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं. घराघरातली जुनी स्विचची बटणं बघा. म्हणजे डाग घालवायचा तर ऊन, आणि सैनिक वाचवायचा तर सावली. इकडे आड तिकडे विहीर.

शेवटी मी पोळ्या गुंडाळायची फॉइल काढली, सैनिक नखशिखान्त गुंडाळला आणि फक्त कपाळावरच्या डागापुरती खिडकी ठेवली. गच्चीवर नेऊन ठेवला आणि शेजारी बसले. बसले कसली, फेऱ्या मारल्या. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत आणि परत, दर फेरीला वाकून बघायचं. खाली पार्किंगमध्ये लोक स्कूटर धूत होते, हार बांधत होते. सगळ्या पेठेत हत्यारांना हळद लागत होती आणि मी एकटी ती काढत बसले होते.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, सासरे गच्चीवर आले. गुडघ्यांमुळे ते जिना चढत नाहीत. कठडा धरून उभे राहिले, धाप खाली बसू दिली. मग त्या चकचकीत गाठोड्याकडे आणि त्यातून दिसणाऱ्या, निम्म्या उडालेल्या आपल्याच बोटाच्या खुणेकडे बघत राहिले.

"जातंय?"

"जातंय, बाबा."

बरं, म्हणाले आणि एकेक पायरी सांभाळत खाली गेले. मला वाटलं, धावत जाऊन काहीतरी बोलावं. पण ऊन सरकलं होतं आणि फॉइलची खिडकी वळवून घ्यायला हवी होती. मी तीच वळवत बसले.

डाग गेला. साध्या डोळ्यांना दिसत नव्हता. टॉर्च आडवा धरला तर त्या जागी दुधी रंग कणभर फिका वाटायचा, तोही माहीत असेल तर. नवरा म्हणाला, कशाला सांगतेस? पण आमच्या धंद्यात साफ केलेलं सांगायचं असतं, नाहीतर माझ्यात आणि रंग चोपडणाऱ्यात फरक काय? कोथरूडला जाऊन मी सगळं सांगितलं, खंडेनवमीसकट. गृहस्थांनी मोजे चढवले, सैनिक खिडकीशी नेला आणि बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"आपलं काम आणि आपलं देवघर वेगळं नाही का?" ते म्हणाले.

चहा विचारला नाही. फौजेचा विषय निघाला नाही, पुढेही कधी निघाला नाही. स्कूटरवरून घरी येताना मी प्रत्येक सिग्नलला स्वतःशी बडबडत होते. कुणावर चिडायचं तेच कळत नव्हतं. चुकलं कुणाचंच नव्हतं आणि माझ्या हातचं काम मात्र गेलं होतं.

घरात मी काही बोलले नाही. पण आठवडे गेले तरी कोथरूडचे खोके येईनात, आणि दोन अधिक दोन सासऱ्यांना जमतं. त्यांचे टोमणे बंद झाले. पाहुण्यांना ते सांगू लागले, सून घरूनच काम करते. बाहुल्या नाहीत, डॉक्टर नाहीत, काही नाही. माझ्या टेबलाजवळून जाताना हात पाठीमागे बांधून जायचे. त्यांच्या एका टोमण्यासाठी मी आसुसेन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

यंदा, परवाच्या खंडेनवमीला उठून बाहेर आले तर पाट मांडलेला. पट्टी, कंपासपेटी, लॅपटॉप, कात्री. कात्रीशेजारी मोकळी जागा आणि तिथे एकच झेंडूचं फूल.

"ती तुझी," ते म्हणाले. "तू काय ते ठेव. मी हात लावणार नाही."

कपाटापाशी गेले. वरच्या कप्प्यात माझा स्वतःचा एक सैनिक आहे, कोथरूडच्या सैनिकाच्याच तळावरचा, मी नोकरीत असताना घेतलेला. सीलबंद. आमच्या हौसेत सील तुटलं की मान गेला, हे मी घरात इतक्यांदा ऐकवलंय की सासऱ्यांनाही ते पाठ आहे. मी खोका आणून पाटासमोर बसले, सासूबाईंची कात्री उचलली आणि चिकटपट्टी कापली.

"अगं, सील..." ते म्हणाले.

मी सैनिक बाहेर काढून मोकळ्या जागी उभा केला. मोजे घातले नव्हते. हळदीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"लावा, बाबा. हा माझा आहे."

त्यांनी वाटी जवळ ओढली. बोट बुडवलं. हल्ली त्यांचा हात थरथरतो, रेघेत राहत नाही. हळद कपाळावर लागली ती लागली, तिचा एक ओघळ निळ्या काचेवरही आला. त्यांनी मान मागे घेऊन, ड्रॉइंग तपासावं तसं ते नीट न्याहाळलं आणि बोट पंचाला पुसलं.

"आता ह्याला उन्हात नेऊ नकोस," ते म्हणाले. "बाहुल्यांना ऊन बाधतं."