दुपट्ट्याखालची तीन बोटं

वामनराव डॉक्टर गेल्याचं मला भज्यांच्या कागदानं सांगितलं. लाखांदूरच्या एसटी स्टँडवर भजी घेतली, त्या कागदावर त्यांचा फोटो. तेल पुसून वाचलं, 'ग्रामीण मनाचे जाणकार'! महिना झाला होता जाऊन. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. मग खोटं तरी का लिहावं?

आणीबाणी नुकतीच उठली होती. मनाच्या आजाराची लक्षणं ओळखायची एक इंग्रजी प्रश्नावली इकडच्या लोकांसाठी बसवायचं काम घेऊन डॉक्टर आले. बसवली म्हणजे काय, तर पुस्तकी मराठीत उतरवली! मी बैलबाजारातला दलाल, चौथी नापास. गावं दाखवायला त्यांनी मला सोबत घेतलं. माझी धाकटी बहीण सुमित्रा तेव्हा एकोडीच्या सासरहून आमच्याकडे आली होती. मूल दगावल्यापासून जेवत नव्हती, तळ्याकडे बघत बसायची. ती जीव देईल, या धास्तीनं मी डॉक्टरांना आधी तिच्यापुढे बसवलं.

"आपणांस जीवन नकोसे वाटते काय? कधीच नाही, क्वचित, पुष्कळदा, की सदैव?"

"बरं हाये जी."

सगळ्या प्रश्नांना तेच. घरी चहा घेतलेल्या पाहुण्यापुढे आमच्याकडे कोणी दुखणं काढत नाही. डॉक्टरांनी शून्य मांडलं. "निरोगी आहेत."

माझं डोकं फिरलं. "सायेब, बैलाचा भाव तरी कोणी तोंडानं सांगते काय?" बाजारात चारचौघांत भाव फुटू नये म्हणून आम्ही कापडाखाली बोटं दाबून सौदा करतो. मी खांद्यावरचा दुपट्टा काढून सुमीच्या नि माझ्या हातांवर टाकला. "सुमे, बोलू नोको. काहीच नसन तं मूठ धर. लय असन तं माही तीन बोटं दाब. मरून जावं असं वाटते का तुले?"

तिनं वर पाहिलं नाही. तीन बोटं... नखं रुतेपर्यंत.

"हा बैलबाजार नव्हे," डॉक्टर म्हणाले. पण औषध त्याच दिवशी सुरू केलं. सुमी जगली, आज दोन मुलींची आई आहे. पुढे डॉक्टरांचं पुस्तक आलं. त्यात दुपट्टा होता, बोटं होती, 'प्रदीर्घ चिंतनातून मला सुचलेली पद्धत' होती. मी कुठेच नव्हतो. जाब विचारायला गेलो तर म्हणाले, "काय हवंय? शाल-श्रीफळ?"

"नाव पायजे."

"पुढच्या आवृत्तीत बघू."

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गेल्या उन्हाळ्यात सुमीच्या हट्टापायी नागपूरला गेलो. डॉक्टर खाटेला लागलेले. भोवती मुलगा, सून, विद्यार्थी. कसे आहात विचारलं. "उत्तम. अगदी उत्तम." वर माझ्यासाठी चहा सांगितला! एवढं शिकलेला माणूस, आणि उत्तर सुमीचंच. मला रागच आला. जवळ बसलो, त्यांच्या हातावर दुपट्टा टाकला. त्यांनी मूठ धरली. मी थांबलो, पहिला भाव कधी खरा नसतो. मग एक बोट... दोन... तिसरं दाबलं, ते चहा येईपर्यंत सोडलं नाही.

पुढची आवृत्ती निघाली नाही. दुपट्टा खुंटीवर आहे. सुमी म्हणते, धुऊन टाकते. मी हात लावू देत नाही.