बसाप्पाच्या जीपमध्ये घातलेलं तेल

मी यशवंत मिस्त्रीला फसवलं. निपाणीत लोकांना याच्या उलटं ठाऊक आहे — मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे बसाप्पाची जीप गेली आणि तेल विकणाऱ्या माझ्यावर उगाच बालंट येणार होतं, असं. तसं मीच पसरवलं. खरं काय ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी खानापूरकडच्या खेड्यातून आलो. तंबाखूच्या वखारीत बोदं, म्हणजे तंबाखूचे गठ्ठे, वाहिली, मग सायकलला डबा अडकवून गाड्यांचं तेल विकलं, आणि सत्तर सालानंतर हायवेला स्वतःचं दुकान टाकलं. कुणी हात दिला नाही. भाव करण्यात मला कुणी हरवल्याचं आठवत नाही. पण कुणी चारचौघांत 'नको' म्हटलं की माझं डोकं फिरतं — तेव्हाही फिरायचं, आता सत्तरीतही फिरतं.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. बेळगावच्या कॅम्पात एका व्यापाऱ्याकडे परदेशी तेलाचे डबे आले होते. सिंथेटिक. जमिनीतून काढून गाळलेलं नव्हे, कारखान्यात जुळवून बनवलेलं. असलं तेल आमच्याकडे तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. मी दोन तास घासाघीस करून सगळे डबे उचलले. पुढे मी सांगत फिरलो की त्या माणसाने मला गंडवलं. तेही खोटं. त्याने मला स्पष्ट बजावलं होतं, हे नव्या इंजिनाला, जुन्या गाड्यांना घालू नका. मला भाव तेवढा ऐकू आला.

आमच्याकडे नव्या गाड्या होत्याच कुठे? लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जीपा, घासून गुळगुळीत झालेले ट्रक. त्यांना चाळीस नंबरचं जाड साधं तेल लागायचं. ते मी बॅरलमधून मापाने विकायचो. गिऱ्हाईक स्वतःचा कॅन आणायचं, भरून घ्यायचं आणि शेजारच्या शेडमध्ये यशवंताकडे जायचं.

यशवंत कॅम्पातल्या लष्करी वर्कशॉपात शिकून आला होता. त्याच्या घरात आजोबा-बाप दोघांची उमर दुसऱ्यांच्या रानात गेली. हातात पाना धरणारा हा पहिला. बाबासाहेबांची तसबीर शेडमध्ये लावलेली, आणि तिच्याखाली हत्यारं अशी ओळीने, की एखादं कमी असलं तर दारातून दिसावं. आमच्यातले लोक गाडी त्याच्याकडेच आणायचे, कारण इंजिनाचा आवाज ओळखणारा त्याच्याइतका कान कुणाचा नव्हता. पण त्याच्याकडचा चहा कुणी घ्यायचं नाही. मी घ्यायचो. आणि घेतो याचा मला केवढा अभिमान होता — आज लिहितानाही लाज वाटते.

तर ते डबे मी दुकानात मांडले, पाच-सहा ड्रायव्हर जमवले आणि तेलाचं कौतुक सुरू केलं. यशवंताने दोन थेंब बोटांत चोळून पाहिले.

"तेल झ्याकच हाय आण्णा," तो म्हणाला. "पर ह्या गाड्यांस्नी नगो. वीस वर्षांचा मळ बसलाय आत, त्या मळानंच गळती धरून ठेवलीया. ह्ये सगळं धुऊन काढंल. म्हाताऱ्याला जुलाब दिल्यागत हुईल."

एक ड्रायव्हर लगेच म्हणाला, "मग आण्णा, तुमीच घ्या की दोन चमचे."

सगळे हसले. यशवंत हसला नाही, हे मला नीट आठवतं. पण मला राग त्या ड्रायव्हरचा नाही, यशवंताचा आला. माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर — आणि, खरं लिहायचं तर — त्याने? डबे तसेच पडून राहिले. रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ झटकताना मला तो जुलाब आठवायचा.

दोनेक महिन्यांनी बसाप्पा कॅन घेऊन आला. निपाणी ते बेळगाव वडाप करायचा, म्हणजे माणशी भाडं घेऊन उतारू नेआण, लिलावातली जुनी जीप. "आण्णा, चाळीस नंबर," म्हणाला. मी कॅन घेऊन मागे गेलो आणि त्यात ते डब्यांतलं तेल ओतलं. पैसे साध्या तेलाचेच घेतले. फायदा नकोच होता मला. सहा महिने जीप गुमान चालली असती, मग मी त्याच ड्रायव्हरांना जमवून सांगणार होतो, बघा तुमच्या मिस्त्रीची अक्कल. एवढंच. एका वादासाठी.

यशवंताने तेल घालताना बोट लावलं आणि दारातून विचारलं, "आण्णा, आज पातळ लागतंय वो?"

"बॅरल उन्हात हुतं रं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि ओतलं. माझ्या शब्दावर.

सहा महिने कुठले! तिसऱ्या आठवड्यात तवंदीच्या घाटात इंजिन जाम झालं. गाडी मागे आली, कठड्याला घासली. माणसं बचावली, पण बसाप्पाचा उजवा हात कोपरातून मोडला तो कायमचा वाकडा राहिला. जीप ओढून शेडमध्ये आणली. यशवंताने एकट्याने इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं, मी दारातून बघत होतो. आत तेल जवळजवळ नव्हतंच, झिजलेल्या सीलमधून गळून गेलेलं. उरलंसुरलं वर चढायला वाट नव्हती, कारण सुटलेल्या मळाची ढेकळं जाळीत बसली होती. त्याने सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

गावात मात्र एकच प्रश्न होता — तेल गेलं कुठे? मी म्हणालो, चेंबरचा नट ढिला राहिला असणार. एवढंच म्हणालो. पुढचं लोकांनी म्हटलं. पाना हातात आला म्हणजे मिस्त्री होतो का, म्हणाले. ह्यांना कामाची चाड असते का, म्हणाले. 'ह्यांना' म्हणजे कुणाला, ते कुणी फोडून सांगितलं नाही. मलाही ते कळत होतं. मी बॅरलमधून तेल मापत राहिलो.

यशवंताची एक लष्करी सवय होती. गाडीत जे तेल घालायचा त्यातलं थोडं औषधाच्या बाटलीत भरून, गाडीचा नंबर चिकटवून ठेवायचा. पुढच्या वेळी काढलेलं तेल त्याच्याशी ताडून बघायला. हे मला ठाऊक होतं, आणि मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी तो बसाप्पाच्या जीपची बाटली घेऊन दुकानात आला. गळ्यात हात बांधलेला बसाप्पा होता, तेच ड्रायव्हर होते.

"आण्णा, तुमच्या बॅरलातलं जरा काढा," तो म्हणाला. "दोन्ही शेजारी धरून बघूया. माझी चूक असंल तर मी भरून देतो."

आवाज चढलेला नव्हता. माझ्यावर आळही नव्हता त्यात. मला वाटतं, बॅरल भेसळीचं आलं असेल, मीच फसलो असेन, असं त्याच्या मनात होतं.

दोन बाटल्या शेजारी तिरक्या केल्या असत्या तर लहान पोरालाही कळलं असतं. एक मधासारखं सरकलं असतं, दुसरं पळालं असतं. मी म्हणालो, "बघू आण हिकडं." बाटली घेतली, उजेडाला धरली. आणि ती फरशीवर पडली.

सगळ्यांना वाटलं, हात तेलकट होता, निसटली. निसटली नाही. मी सोडली.

यशवंत खाली बघत राहिला. मग उकिडवा बसून काचा वेचू लागला, कुणाच्या पायात जातील म्हणून. मी वरून म्हणालो, "जाऊ दे रं यशवंता, चूक माणसाच्या हातनंच हुती." ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. आण्णा मोठ्या मनाचा, असं त्यांना वाटलं.

त्या वर्षी खंडेनवमीला त्याच्या शेडपुढे एकही गाडी पूजेला लागली नाही. दिवाळीआधी त्याने शेड मोकळी केली आणि बायको-मुलांना घेऊन बेळगावला गेला.

इथवर मी कसंबसं निभावून नेलं असतं. हो, नेलंच होतं. पण तीन-चार वर्षांनी बेळगावच्या शहापुरात एका गॅरेजपुढे तो मला दिसला. दुसऱ्याच्या हाताखाली कामाला होता. एका मोटारीखालून निघून हात पुसत उभा राहिला, दोन पावलं चालला, परत फिरला, आडवा झाला आणि नटाला पाना लावून बघितला. पुन्हा उठला. पुन्हा आडवा झाला. मालक ओरडला, "यशवंता, कितींदा बघतोस बाबा?"

मला पाहून त्याला आनंद झाला. खरंच झाला. चहा मागवला. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "आण्णा, लई आठवून बघितलं मी. बसाप्पाच्या जीपचा नट आवळल्यालं, चेंबर उतरवताना त्यो घट्ट असल्यालं, मला दिसतंय बगा डोळ्यांपुढं. पर माणसाला जे पायजे तेच दिसत असंल. माझ्याच हातनं ऱ्हायला असंल, न्हाय?"

मालक आत गेला होता, चारी बाजूंना दुसरं कुणी नव्हतं. ड्रायव्हर नव्हते, गिऱ्हाइकं नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "व्हय. ऱ्हातं कधी कधी."

त्याने मान हलवली. त्याचा चहा मी पूर्ण प्यालो आणि दुपारच्या गाडीने निपाणीला आलो.

यशवंत आता नाही. तो नट त्याने आवळलेला होता. त्या दिवशी दुकानात ज्यांनी माना डोलावल्या, त्यांतले दोघे-तिघे अजून आहेत, रोज माझ्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांनी उद्या यावं, बसू नये, आणि सगळ्यांसमोर मला विचारावं — आण्णा, बाटली का सोडलीस?