दुसऱ्याच्या सणाचा अर्ज

आमच्या चौथीच्या गुरुजींइतका रजेच्या बाबतीत हट्टी माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. भडगावकडच्या आमच्या शाळेत त्यांचा कायदा एकच: सण ज्याचा, त्यानं अर्ज लिहायचा नाही. दुसऱ्या धर्माच्या पोरानं त्याच्या घरी जायचं, सण कशाचा, उपास कोण करतं, चुलीवर काय शिजतं ते विचारायचं आणि मग त्याच्यासाठी रजा मागायची. 'सण आहे सबब रजा मिळावी' एवढंच लिहिलं तर अर्ज परत. जैनांच्या पजूसणाच्या वेळी आमच्या वर्गातल्या यूसुफनं वाण्याच्या पोरासाठी लिहिलं होतं, "शेवटच्या दिवशी हा सगळ्यांची क्षमा मागतो. यानं माझी दौत सांडली आहे, तरी रजा जरूर द्यावी." गुरुजींनी लाल शाईनं शेरा मारला, "मंजूर. क्षमाही मंजूर."

यूसुफच्या ईदेचा अर्ज माझ्याकडे आला. मी मुळातच भित्रा. त्यांच्या उंबऱ्यापाशी दहा मिनिटं नुसता उभा. त्याची आई म्हणाली, "अरे बेटा, बाहरसेच पूछेगा क्या? बैठ, रोजा छूटने का टैम हुआ." मी खजूर खाल्ला, भजी खाल्ली आणि घरी येऊन भाबडेपणानं सगळं सांगून बसलो.

दुसऱ्या दिवशी आमचे थोरले काका, आबा, शाळेत हजर. "मास्तर, हाई काय शे? आमनं पोरगं रोजाना फराळ करीसन उनं!"

"आबा, तुमच्या दारी आलेलं पोरगं तुम्ही उपाशी धाडता का?"

आबांनी तक्रार मात्र वर धाडली. शाळा तपासणारे डिपोटीसाहेब चौकशीला आले. गुरुजींची या शाळेतली जागा राहते की जाते, हे माझ्या उत्तरावर येऊन ठेपलं. साहेबांनी विचारलं, "तुला तिथं मास्तरांनी पाठवलं?"

मी म्हणालो, "नाही साहेब. मी माझ्या मनानं गेलो."

गुरुजी खुर्चीवरून उठले. "साहेब, पोरगं माझ्यासाठी खोटं बोलतंय. मीच पाठवलं होतं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अर्ज चांगला लिहिला होतास रे. त्याच्यावर हा डाग कशाला?"

महिन्याभरात त्यांची बदली झाली, पार साक्रीकडे, डोंगरातल्या शाळेत. मीही त्याच साली शाळा सोडली.

आता मुंबईहून आगबोटीनं येऊन इथं कराचीत गोदीवर कामाला आहे. आसपास सिंधी, पारशी, पठाण. नवा माणूस भेटला की आधी बिचकतो, पण विचारतोच, "तुमच्याकडे सण कोणता? काय करता त्या दिवशी?" माणसं खुलतात, आग्रहानं जेवू घालतात. परमुलखात मी उपाशी राहिलो नाही ते गुरुजींमुळं, हे देवाशपथ खरं.

पण जेवून खोलीवर आलो की एक गोष्ट सलते. गुरुजी स्वतः कधी रजेवर गेले नाहीत. सणाच्या दिवशीही शाळेच्या ओट्यावर एकटेच बसलेले दिसायचे. त्यामुळं त्यांचा अर्ज लिहायची वेळच कुणावर आली नाही. आम्ही चाळीस पोरं गावभर चुली विचारत हिंडलो, आणि गुरुजींच्या घरी सणाला काय शिजतं, हे एकानंही त्यांना विचारलं नाही.