दुसरा शंख

आजही ती सकाळ आठवली की माझे हातपाय गार पडतात. खरं तर मी धीट माणूस. बोईसरच्या एका कारखान्यात उभा जन्म मालाची तपासणी करण्यात गेला. केसभर चूक दिसली तरी माल परत पाठवायचो. निवृत्तीनंतर चिंचणीला घरी आलो आणि तपासायला दुसरं काही उरलं नाही म्हणून देवपूजेच्या मागे लागलो. सोवळं, फुलांचा क्रम, मंत्राचा उच्चार, सगळं मापात. बायको म्हणायची, "अहो, देवालासुद्धा एखाद दिवशी नापास कराल." मी हसण्यावारी न्यायचो, पण मनातून मला त्याचा अभिमानच होता.

पूजेला बसताना सहा वाजता एक शंख आणि आरती झाली की सातला दुसरा, असा माझा नेम. डॉक्टर रक्तदाबाच्या गोळ्या देत, त्या मी कधी घ्यायचो, कधी नाही. रोज मंत्र म्हणणाऱ्याचा श्वास ताब्यात असतो, शंख फुंकणाऱ्याची छाती मजबूत राहते, त्याला गोळ्या कशाला, असं मी चार लोकांत ठासून सांगत असे. जपाने मन शांत व्हायचं हे खरं, पण त्या शांतपणाच्या जोरावर मी गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याच्या खणात टाकून दिली होती.

आणखी एक नियम मी घातला होता, तो सांगायला आज लाज वाटते. मांगेलवाड्यातली, म्हणजे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या वस्तीतली, एक मासळीवाली रोज बंदरावरून टोपली घेऊन आमच्या फाटकावरून जायची. पूजा चालू असताना वास यायचा. एकदा मी तिच्यावर भडकलो आणि बजावलं, "माझा दुसरा शंख झाल्याशिवाय या बाजूला फिरकायचं नाही." त्या दिवसापासून ती वळणावरच्या चिंचेखाली टोपली उतरवून थांबायची आणि शंख वाजला की पुढे जायची. असं कैक वर्षं चाललं. तिचं नावही मी कधी विचारलं नाही.

त्या सकाळी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी वाणगावला गेलेली, घरात मी एकटा. सहाचा शंख खणखणीत वाजला. आरती म्हणताना जीभ जरा जड वाटली, पण मी म्हटलं, झोप नीट झाली नसेल. मग दुसरा शंख ओठाला लावला आणि फुंकला. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकला, तर तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून फुस्स झालं आणि थुंकी हनुवटीवर आली.

आणि इथे मी जी चूक केली ती माझ्यासारखाच माणूस करू जाणे. मला वाटलं, विटाळ झाला. कुठेतरी सोवळं मोडलं, म्हणून देवाने शंख मुका केला. फोन बाजूलाच होता, पण मी माळ घेतली आणि प्रायश्चित्त म्हणून गायत्रीचा जप सुरू केला. चार मणी सरकले नाहीत तोच माळ हातातून गळून पडली. उचलली, पुन्हा पडली. मी देवाची क्षमा मागत राहिलो. उजवा हात माझं ऐकत नाहीये, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका हेरणारा मी, स्वतःच्या अंगातला बिघाड मला दिसला नाही.

तेवढ्यात दारात सावली पडली. ती मासळीवाली ओट्यावर टोपली ठेवून ओल्या पायांनी सरळ देवघरात आली होती. माझा संताप अनावर झाला. बाहेर हो, असं मी ओरडलो, पण तोंडातून निघाली ती नुसती गुरगुर. तो आवाज माझा आहे हे कळलं आणि मी आतून पार हादरलो.

ती माझ्यासमोर बसली, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "भाऊ, तोंड वाकडा झाला हाय तुमचा. चला, उठा." मी मान हलवून नको म्हणालो, माळेकडे बोट केलं. तिने माळ उचलून माझ्या डाव्या मनगटात घातली. "माझ्या घोवाला असाच झालेला. आमी बोललो, वारा लागला, उतरल. सांजपर्यंत बसून रेलो. त्यो परत बोलला नाय. शिव्या मंग घाला मना, आता चला."

शेजारच्या रिक्षावाल्याला तिने हाक मारली, दोघांनी मला धरून बसवलं आणि आम्ही बोईसरच्या दवाखान्यात पोचलो. अर्धांगाचा झटका होता. डोक्याचा फोटो काढायला नेताना डॉक्टरांनी घाईने विचारलं, "नेमकं कधी सुरू झालं? शेवटचे व्यवस्थित कधी होते? ते कळल्याशिवाय रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही, ठरावीक तासांच्या आतच द्यावं लागतं." मला सगळं ऐकू येत होतं, उत्तरही ठाऊक होतं, पण शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आणि ती म्हणाली, "सहाचा शंख झ्याक वाजला. सातचा नाय वाजला. मी वळणावर उबी होती ना, रोज असते."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. आठ वाजून गेले होते. फोटो पाहून बायकोची फोनवर संमती घेतली आणि वेळेत इंजेक्शन दिलं.

मी पलंगावर सुन्न पडून होतो. जिला मी वळणावर उभं केलं, तिच्या त्या उभं राहण्यानेच माझी वेळ सांगितली. मी घातलेला तो अपमानाचा नियम तिने इतकी वर्षं मुकाट्याने पाळला नसता, तर त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. नर्सने कागदावर लिहिण्यासाठी तिचं नाव विचारलं, तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं. पार्वतीबाई.

तिसऱ्या दिवशी पाणी मागायला गेलो तर 'पाणी' हा शब्द सापडेना, पण गायत्री मंत्र सबंध बाहेर आला. बायको रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं कधी कधी आधी परत येतं, म्हणत राहा, आणि गोळ्या मात्र चुकवू नका. मी यावर वाद घालत नाही. मंत्र म्हणतो आणि गोळी घेतो, दोन्ही त्याच देव्हाऱ्यासमोर.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी सहाचा शंख वाजवून पाहिला. बारीक, कापरा आवाज निघाला. दम लागला, म्हणून आरतीनंतर शंख तसाच खाली ठेवला. थोड्या वेळाने फाटकाशी गेलो तर पार्वतीबाई वळणावर चिंचेखाली उभ्या, टोपली खाली. काठी टेकत गेलो आणि म्हटलं, "बाई, या ना. का थांबलात?"

"दुसरा शंख झाला नाय अजून."

"तो नियम मोडला मी. माझं चुकलं. आता शंख वाजो न वाजो, तुम्ही थेट या."

त्यांनी टोपली डोक्यावर घेतली. "येन की. पण शंख वाजवत जा, भाऊ. तुमी बरे हाव ते मना कसा कळल?"

तेव्हापासून सातचा शंख कधी चुकवला नाही. उच्चार चुकतात, फुलांचा क्रम चुकतो, उजव्या हाताने गंध वाकडंच लागतं. ते मी तपासत नाही, जसं होईल तसं देवापुढे ठेवतो. आरती झाली की शंख फुंकतो आणि कान देऊन उभा राहतो. वळणावरून पार्वतीबाईंची हाक येते, "वाजला, भाऊ!" मग माझी पूजा पुरी होते.