पिवळी वायर

फोन उचलला की आमचा इंटरनेटवाला नमस्कार वगैरे करत नाही. “लाल दिवा लागलाय?” एवढंच विचारतो. हो म्हटलं की अर्ध्या तासात खांद्यावर शिडी घेऊन आमच्या लालबागच्या चाळीत हजर. नेट गेलं म्हणून मोडेम बंद-चालू करून बघितला, असं कुणी सांगितलं की भडकतो. “त्या बिचाऱ्याला कशाला छळता? आधी वायर बघा.”

वायर कापलेलीच असते. चाळीत आता आम्ही चारच बिऱ्हाडं उरलोय, आणि आम्हीही निघावं म्हणून बिल्डरची माणसं ती कापतात. तो चष्मा कपाळावर चढवतो, केसाएवढी काचेची तार पुसतो आणि जोडतो.

तिसऱ्या खेपेला मीच म्हणाले, “या वेळी मागच्या बाजूने, लपवून टाका ना.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू वायर मीच कापली होती. मग पिशवीतून काळीऐवजी पिवळीधमक वायर काढली आणि गेटवर बिल्डरने बसवलेल्या माणसाच्या डोक्यावरून थेट माझ्या खिडकीपर्यंत ओढली.

“नीट दिसते ना?” शिडीवरूनच त्याने त्या माणसाला विचारलं. “खुशाल काप. अख्खं बंडल आणलंय.”