चुलवाणासाठी चकमकीचा दगड

मे २००४, शनिवार. हजर: मी, आमचे हे, मामंजी म्हणजे माझे सासरे, आणि तेव्हा इंग्लंडात शिकणारी आमची लेक. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी.

लेकीला भेटायला आम्ही कोल्हापूरहून गेलो होतो. मामंजींनी बघायला एकच जागा मागितली: चकमकीच्या दगडांची खाण. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी हरणाच्या शिंगांनी खोदलेली, आता संग्रहालय म्हणून जपलेली.

त्याला कारण होतं. बिद्रीजवळ आमचं गुऱ्हाळ आहे. उसाचा रस आटवायच्या काहिलीखालची भट्टी, म्हणजे चुलवाण, आमच्याकडे हंगामाच्या पहिल्या दिवशी चकमकीनेच पेटवतात. मामंजींची गारगोटी झिजून सुपारीएवढी झाली होती. त्याआधीच्या हंगामात ठिणगी पडेना, शेवटी काडी ओढावी लागली. त्या काहिलीचा गूळ मामंजींनी तोंडात घातला नाही.

खाणीत लोखंडी शिडीने उतरायचं होतं. मामंजींनी पटका माझ्याकडे दिला आणि हेल्मेट चढवलं. खाली पांढऱ्या मऊ दगडात काळ्या चकमकीचा थर होता. मार्गदर्शक बाई शिंगांच्या खुणा दाखवत होत्या, तेवढ्यात मागे खट्ट आवाज झाला आणि अंधारात ठिणगी उडाली. मामंजींनी खिशातली चकमकीची पोलादी पट्टी काढून खाली पडलेला एक तुकडा वाजवून बघितला होता, बाजारात नारळ वाजवून घेतात तसा.

बाई ओरडल्याच. लेक म्हणाली, "आजोबा, ठेवा ते! इथला दगड न्यायचा नसतो."

"न्हेतोय कुठं? बघितला निस्ता. ठिणगी बघितलीस का पोरी, जोंधळ्याएवढी!"

दगड त्यांनी जागेवर ठेवला. वर आल्यावर लेकीने बाईंना चुलवाणाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे शेतकऱ्याने नांगराला अडणारे तसलेच दगड बांधावर टाकले होते. लेकीने जाऊन विचारलं. तो म्हणाला, हवे तेवढे न्या, ट्रॉली घेऊन या.

"पावणं आपल्यातलंच हाईत की!" मामंजी खूश झाले.

"विमानतळावर विचारलं तर काय सांगायचं? दगड आणलाय म्हणून?" हे कुरकुरले.

"मग काय, खोटं सांगतोस व्हय?"

एकच दगड घेतला. टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत, तळाला.

दिवाळीनंतर चुलवाण दुसऱ्याच ठिणगीला पेटलं. मामंजींनी गरम गूळ खाल्ला, बोटं चाटली आणि यांच्याकडे बघत मला म्हणाले, "आता तू शीक. ह्याला जमायचं न्हाय, लई घाई करतोय." मी कामांच्या यादीत लिहून ठेवलं. पुढची वर्षंही तेच पेटवत राहिले, म्हणून ते काम खाली सरकत गेलं.

यंदा मामंजी नाहीत. गुऱ्हाळ सोमवारी सुरू होईल. ऊस ठरला, गूळ शिजवणाऱ्या गुळव्यांना सांगून झालं, काहिल घासून झाली. काल सकाळभर मी दगड, पट्टी आणि सावरीचा कापूस घेऊन परसात बसले. कापूस धुरावला, पेटला नाही. ठिणगी धरायला शिकणे: बाकी.